घरची वाटी

अकरा मिनिटांत दोनशे लाइक आले तेव्हा मी गादीवर उभी राहून नाचले. खोटं कशाला सांगू? दार लावून, आवाज न करता, खालच्या क्वार्टरमधल्यांच्या डोक्यावर छताची धूळ पडणार नाही अशा बेताने, पण नाचले.

इन्स्टाग्रामवरचं 'पिपलानीचा भोंगा' हे पेज माझं आहे, हे तेव्हा जगात कुणालाही माहीत नव्हतं. भोपाळमधलं आमचं पिपलानी म्हणजे एका मोठ्या सरकारी कारखान्याची वसाहत. आमचा दिवस कारखान्याच्या भोंग्यावर चालतो. भोंगा झाला की बाबा स्कूटरला किक मारतात, भोंगा झाला की आई कुकर लावते. माझी पोस्टही संध्याकाळच्या भोंग्याबरोबरच पडायची. सुरुवात अगदी साधी होती. समोरच्या ब्लॉकमधल्या एका काकांनी स्कूटरच्या सीटवर पापड वाळत घातले होते. मी फोटो काढला आणि खाली लिहिलं, 'नवीन मॉडेल, सोबत पापड मोफत.' लोक हसून लोळले. ते काकासुद्धा हसले म्हणे. मग मला चटक लागली.

मी मृणाल. वय बावीस. बँकेच्या परीक्षेत तिसऱ्यांदा पहिल्याच फेरीत गळाले होते. पाहुणे आले की आई म्हणायची, "हिचा अभ्यास चालू आहे," आणि मी पाण्याचे ग्लास घेऊन यायचे. पाहुणे ग्लासांकडे बघायचे. बाबा बातम्यांकडे बघायचे. आई, म्हणजे वैजयंतीबाई, महाराष्ट्र मंडळाच्या सेक्रेटरी, मंडळाच्या वहीकडे बघायच्या. आणि तिकडे फोनमध्ये तीन हजार माणसं संध्याकाळी माझी वाट बघत बसलेली. सांगा, तुम्ही कुठे राहिला असतात?

आमच्या दारासमोरचं दार शमिकाचं. पहिलीपासून आम्ही एका बाकावर बसलो, एकाच सिटी बसने कॉलेजला गेलो, बँकेचा पहिला फॉर्मही एकत्र भरला. शमिका पहिल्यांदा नापास झाली आणि तिने परीक्षेला सरळ रामराम ठोकला. तिच्या घरचे मूळचे नागपूरचे. तिने आजीचे वऱ्हाडी पदार्थ करून त्यांचे व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. कढईवर वाकून हसत हसत बोलायची, मधेच हिंदीत शिरायची, पुन्हा मराठीत यायची. लोकांना ती आवडायला लागली. शमिका जरा जाड आहे, आणि तिला त्याचं काही वाटत नाही, हे मला तेव्हा फार खुपायचं.

जानेवारीत संक्रांतीनंतरच्या रविवारी मंडळाचा आनंदमेळा असतो. शमिकाने त्यात स्टॉल घेतला. तिच्या बाबांनी, शैलेंद्रकाकांनी, अट घातली होती: स्टॉल चालला तर जवळच्या अवधपुरीत दुकानासाठी छोटी जागा बघून देईन, नाही चालला तर पुण्याला मामाकडे जायचं आणि गपगुमान कोर्स करायचा. हे सगळं तिने मला जिन्यात सांगितलं. सांगताना उड्या मारत होती. मग अचानक थांबली आणि म्हणाली, "तू पण सोड ना यार ती परीक्षा. तुला कुठे आवडते ती? तुझा चेहरा बघ, एकदम उतर गया है."

मी हसले, तिला मिठी मारली, शुभेच्छा दिल्या. घरात येऊन दार लावलं आणि माझ्या कानशिलांची आग व्हायला लागली. ती खोटं बोलली असती तर मी विसरले असते.

बुधवारी दुपारी तिने गोळाभात पाठवला. स्टॉलवर तोच ठेवायचा होता, म्हणून आसपासच्या दहा घरी चव बघायला वाटला होता. मोकळा पांढरा भात, त्यावर बेसनाचे गोल गोळे, वरून मोहरी-मिरचीची कडकडीत फोडणी. आई मंडळात गेली होती. मी वाटी टेबलावर ठेवली आणि ते वाक्य मला दिसलंच. म्हणजे आधी वाक्य आलं, राग नंतर आला. वाक्य इतकं छान होतं की ते फुकट घालवणं मला जमेना.

मी हुशारी केली. आमचा टेबलक्लॉथ ओळखू येऊ नये म्हणून खाली वर्तमानपत्र पसरलं. माझी सावली पडू दिली नाही. दहा घरांत गेलेला भात, दहांपैकी कुणीही फोटो काढलेला असू शकतो, असा हिशेब केला. भोंगा वाजला तशी पोस्ट टाकली: 'कारखान्यातून थेट तुमच्या ताटात, बेअरिंग-भात! दात पडल्यास मंडळ जबाबदार नाही.'

त्या संध्याकाळी जे झालं ते सांगताना आजही माझ्या अंगावर काटा येतो, आणि लाज वाटते की त्यातला निम्मा काटा आनंदाचा असतो. दोनशे, पाचशे, हजार. कारखान्यातली तरणी पोरं एकमेकांना टॅग करायला लागली. कुणी खास भोपाळी थाटात लिहिलं, 'को खां, इसमें ग्रीस कौन सा डलता है?' कौस्तुभने त्यावर रील केला. हा कौस्तुभ आमच्याच लाइनीत राहतो, आयटी कंपनीत कामाला आहे, आणि विनोदी व्हिडिओ करतो. भात कुणाचा ते त्याने ओळखलं आणि शमिकाच्या व्हिडिओतलं हसणं कापून त्याच्यावर मशीनचा खडखडाट लावला. माझ्या पेजवर नऊशे नवीन माणसं आली. मी जत्रेतल्या उंच पाळण्यात बसले होते आणि पाळणा खाली येतच नव्हता.

मग कमेंटमधून भात निघून गेला आणि शमिका आली. तिचं वजन आलं, तिचे दंड आले. कुणी लिहिलं, 'इसको स्टॉल नहीं, दूल्हा चाहिए, और वो भी क्रेन वाला.' मी हे लिहिलं नव्हतं. मी फक्त त्याला हार्ट दिलं. आणि त्याच्या खालच्यालाही. पाळणा वर जात होता ना.

आणि हो, तो गोळाभात मी खाल्ला. सगळा. एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात वाटी. शेवटी बोटाने वाटी पुसून घेतली.

गुरुवारी शमिकाचे सगळे व्हिडिओ गायब झाले. दार बंद. दुपारी मंजूषाकाकू, तिची आई, आमच्याकडे आल्या आणि माझ्या आईसमोर रडल्या. शमिका रात्रीपासून जेवली नाही, स्टॉल रद्द करा म्हणते, पुण्याचं तिकीट काढा म्हणते, असं सांगत होत्या. रस्त्यावरची पोरं खिडकीखालून 'बेअरिंग, बेअरिंग' ओरडत गेली होती. आईचा चेहरा लालबुंद झाला. काकू गेल्यावर तिने वही मिटली आणि मला म्हणाली की हा भोंगा कोण आहे ते रविवारच्या आत शोधून काढायचं, मेळ्यात सगळ्यांसमोर उभा करायचा. "तुला कॉम्प्युटरमधलं कळतं. हे काम तुझं."

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, त्या मला स्वतः आईने दिल्या. मी मान डोलवली.

शुक्रवारी सकाळी आईला ओट्यावर शमिकाची वाटी दिसली. अजून परत का नाही दिली म्हणून ती माझ्यावर खेकसली. आमच्या घरात एक नियम आहे, तुमच्याकडेही असेल: शेजारचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही. घरात काहीच नसेल तर चिमूटभर साखर घालायची, पण रिकामं नाही. आईने डब्यातले तिळाचे लाडू काढून वाटी भरली आणि माझ्या हातात दिली. "जा. आणि तिच्याशी जरा गोड बोल. पोर खचलीय."

वाटी हातात घेताना माझा अंगठा काठाखाली गेला आणि तिथे खरखरीत लागलं. मी वाटी फिरवली. काठाखाली कोरलेलं होतं: 'चि. शमिका, प्रथम वाढदिवस, आजीकडून.'

आता आमच्या घरांत नाव नसलेलं भांडंच नसतं. लग्नातली, बारशातली, मुंजीतली, ताटापासून चमच्यापर्यंत सगळ्यांवर कुणाचं ना कुणाचं नाव असतं. जन्मापासून बघत आल्यामुळे ते कुणी वाचत नाही. मीही वाचलं नव्हतं. लाडूंची वाटी ओट्यावर ठेवून मी फोन काढला, पोस्ट उघडली, फोटो दोन बोटांनी मोठा केला. गोळ्यांच्या खाली, मिरचीच्या लाल थेंबाशेजारी, अगदी स्पष्ट अक्षरं: 'मिका, प्रथ'. टेबलक्लॉथ झाकणारी हुशार मी! चार हजार माणसांनी फोटो पाहिला होता आणि सगळे गोळे बघत होते.

पण शमिकाने वाटी पाहिली असणार. पहिल्या मिनिटाला. बुधवारपासून तिला माहीत होतं. तिच्या आईने इथे बसून रडून सांगितलं, तरी माझं नाव निघालं नव्हतं. म्हणजे तिने आईलाही सांगितलं नव्हतं.

समोरचं दार चार पावलांवर आहे. मला ती चार पावलं चालायला किती वेळ लागला कोण जाणे. दार शमिकानेच उघडलं. डोळे सुजलेले, केस तसेच. तिने आधी माझ्याकडे नाही, वाटीकडे बघितलं.

"भरून आणलीस," ती म्हणाली.

मी म्हटलं, "तुला माहीत होतं."

"बाकीच्यांना कागदाच्या द्रोणात पाठवला होता. घरची वाटी फक्त तुला." तिचा आवाज शांत होता, आणि तो मला रडण्यापेक्षा भारी पडला. "आईला सांगणार होते. मग म्हटलं, वाटी परत द्यायला तू येशीलच. तेव्हा बघू, तू काय बोलतेस."

मी सॉरी म्हटलं. दोनदा, तीनदा म्हटलं. तिने हात वर करून थांबवलं आणि विचारलं, का? जे होतं तेच बाहेर पडलं. तू खूश होतीस म्हणून. परीक्षा मला आवडत नाही हे तू मोठ्याने म्हणालीस म्हणून. मला स्वतःला ते म्हणायची हिंमत नव्हती म्हणून. घरात मी बोलले तर कुणी मान वर करत नाही, आणि तिथे एका ओळीवर चार हजार माणसं हसतात. ती तुझ्यावर हसत होती ते मला दिसत होतं, पण ती माझ्यामुळे हसत होती ते जास्त दिसत होतं.

"हसू दे," शमिका म्हणाली. "भातावर हसले, ठीक आहे, मी पण हसले असते. पण त्या क्रेनवाल्याला हार्ट कुणी दिलं? मी रात्रभर तेच बघत होते, मृणाल. किस किस को दिया तूने."

मी खाली बघितलं. जिन्यातली फरशी तडकलेली आहे, ते मला त्या दिवशी कळलं.

मग तिने एक विचित्र प्रश्न विचारला. "भात कसा झाला होता? खरं सांग."

"सगळा खाल्ला. वाटी पुसून खाल्ली."

शमिकाच्या तोंडातून एक आवाज निघाला, हसण्याचा की हुंदक्याचा ते मला समजलं नाही. तिने वाटी घेतली. म्हणाली, तुझं नाव मी कुणाला सांगणार नाही, ते काम तुझं आहे. मी म्हटलं, स्टॉल रद्द करू नकोस. ती म्हणाली की आता लोक खायला नाही, हसायला येतील. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "येऊ देत. वाढायला मी उभी राहते. आधी माझ्यावर हसतील." तिने दार लावून घेतलं.

त्या संध्याकाळी मी आधी आईला सांगितलं. आईने मारलं नाही, ओरडलीही नाही. ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मी लाडू भरून दिले, तेही तुझ्याच हाती." एवढंच. मग भोंगा वाजला आणि मी शेवटची पोस्ट टाकली. माझा चेहरा, माझं नाव, खाली लिहिलं: 'भोंगा मी आहे. तो भात शमिकाने माझ्यासाठी तिच्या घरच्या वाटीत पाठवला होता. मी फोटो काढला, तिच्यावर लोकांना हसवलं, आणि मग सगळा भात खाल्ला. इतका चांगला गोळाभात मी कधी खाल्ला नव्हता. रविवारी मेळ्यात मी तो वाढणार आहे. ज्याला मला काही बोलायचं असेल त्याने तिथे येऊन बोलावं.'

अकरा मिनिटांत किती आले ते बघायची हिंमत झाली नाही. नंतर बघितलं. कौस्तुभने पुन्हा सगळ्यांत आधी रील केला होता, या वेळी माझ्यावर. माझ्या नापास होण्यावर, माझ्या दातांवर. खाली तीच माणसं, तीच नावं. क्रेनवाल्याला माझ्यासाठी नवीन विनोद सुचला होता, आणि त्यालाही कुणी तरी हार्ट देत होतं. मला ते सगळे ओळखीचे वाटले. त्यांच्या पोटातला पाळणा मला माहीत होता.

रविवारी मी मंडळाच्या मैदानावर पोचले तेव्हा शमिकाचा स्टॉल लागलेला होता. वर तिने मोठ्या अक्षरांत फळा लावला होता: 'बेअरिंग-भात. दात पडल्यास परत या, दुसरी प्लेट वाढू.' मी फळ्याकडे बघत उभी राहिले. माझंच वाक्य, आणि आता ते तिचं झालं होतं. शमिकाने माझ्याकडे ॲप्रन फेकला.

पहिला अर्धा तास लोक लांबून बघत होते, कुजबुजत होते, फोन वर करत होते. मग पापडवाले काका आले. त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं, प्लेट घेतली, एक गोळा फोडला, फोडणीत बुडवला, तोंडात टाकला. आणि दुसऱ्यांदा प्लेट पुढे केली. त्यांच्या मागे कारखान्यातली पोरं आली, ग्रीस मागत आली. मी वाढत होते. कुणी 'भोंगाबाई' म्हणालं की मी म्हणायचे, "हो, मीच. तेल वरून घालू का?" त्यात लाज होती, पण खोटं कशाला सांगू, मजाही होती. माणसं समोर उभी राहून हसत होती, खात होती, आणि त्यांचे चेहरे मला दिसत होते. कौस्तुभ फोन घेऊन शूट करायला आला. तिसऱ्या घासाला त्याने फोन खिशात ठेवला, कारण दोन्ही हात लागत होते.

सगळ्यांत शेवटी रांगेत शैलेंद्रकाका होते. स्वतःच्या मुलीच्या स्टॉलसमोर इतरांसारखे उभे. मी झारा पातेल्यात घातला तर तो तळाला खणकन लागला. भात संपला होता. मी घाबरून शमिकाकडे बघितलं. तिने खरवडून खरवडून एका प्लेटीपुरता काढला, वर उरलेले दोन गोळे ठेवले. काकांनी उभ्याउभ्याच खाल्लं, हात धुतले आणि अवधपुरीत जागा नेमकी कुठल्या गल्लीत बघायची असं तिला विचारलं. शमिकाने तिथल्या तिथे उडी मारली. मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि ती पुन्हा गंभीर झाली. ॲप्रन काढून दे, धुवायचाय, एवढंच म्हणाली.

इथे गोष्ट संपली असती तर मला आवडलं असतं.

पेज मी पुसून टाकलं. बँकेचा फॉर्म यंदा भरला नाही, त्यावरून घरात आठवडाभर महाभारत झालं. गुढीपाडव्याला अवधपुरीत शमिकाचं दुकान सुरू झालं. आई गेली होती, मला बोलावणं नव्हतं. मी स्वयंपाक शिकायला लागले होते. रथसप्तमीला खीर केली, होळीला पुरणपोळ्या, मग साबुदाण्याची खिचडी, मग एक फसलेली बासुंदी. दर वेळी आमच्या घरच्या वाटीत भरून समोर द्यायचे. आणि दर वेळी वाटी दुसऱ्या दिवशी आमच्या दाराशी यायची, लख्ख घासलेली, कोरडी, रिकामी. मंजूषाकाकूंच्या घरून कधी रिकामं भांडं आलं नव्हतं. वाट्या परत करायचं काम शमिकाचं होतं, आणि ती ते बरोबर करत होती. आई प्रत्येक रिकामी वाटी उचलून मांडणीवर ठेवायची. मला चार हजार माणसांनी शिव्या घातल्या त्याचं इतकं लागलं नाही, जितकं त्या वाट्यांचं लागलं. पण मी पाठवायचं थांबवलं नाही.

काल आंब्याचा शिरा दिला होता. आज सकाळी दार उघडलं तर वाटी उंबऱ्याशी होती, नेहमीसारखी घासलेली. मी उचलली आणि आत काहीतरी सरकलं. तळाशी साखर होती. चिमूटभर.

मी आईला हाक मारली नाही, फोन काढला नाही, फोटो घेतला नाही. वाटी तोंडाला लावून साखर जिभेवर ओतली आणि तिथेच जिन्यात नाचले, पाय आपटून. खालच्या क्वार्टरमधल्या काकूंनी वर बघत विचारलं की काय चाललंय, छताची धूळ पडतेय. समोरच्या दारामागे कुणीतरी हसलं.